ओटीतली टेकडी

अमेरिका आणि कॅनडाच्या सरहद्दीवर, ताटासारख्या सपाट बटाट्याच्या रानात एकच टेकडी आहे. माथ्यावर पांढरा दगड. वाटाड्या म्हातारा एमस पाहुण्यांना तिथे आधी टोपी काढायला लावतो, मग सांगतो. ही टेकडी एका बाईनं ओटीतून वाहून आणली म्हणे.

दोनशे वर्षांपूर्वी अमेरिका आणि तेव्हा कॅनडावर राज्य करणारे इंग्रज यांची लढाई नुकतीच थांबली होती. त्या लढाईत टॅबिथाचा नवरा गेला, पाठोपाठ तान्हं लेकरू. तिकडची रीत अशी, की बाळानं पहिला हिवाळा काढला नसेल तर त्याच्या थडग्याच्या दगडावर नाव कोरायचं नाही. म्हणून घरामागे लेकराला पुरलं तिथे नुसता पांढरा गोटा उभा केलेला. दर रविवारी तो ओल्या फडक्यानं पुसायचा, एवढा नेम ती देवाला बोलली होती. बाकी तिच्यात काही उरलं नव्हतं. चूल पेटवायची, गाईची धार काढायची, निजायचं.

पुढे दोन्ही सरकारांचे साहेब साखळ्या-दुर्बिणी घेऊन हद्द आखायला आले. पलीकडच्या, कॅनडाकडच्या शेतातली मार्गरीत हसून म्हणाली, "बघ गं टॅबिथा, आता कोंबडीलाही विचारतील, अंडं कुठल्या देशात घालणार बाई?"

टॅबिथा हसली नाही.

त्या मातीत दगड मिळायची मारामार. साहेबांच्या गड्यांना घरामागे कोरा गोटा दिसला. टॅबिथा गवत कापायला गेलेली. नाव नाही म्हणजे कुणाचा नाही, असं समजून त्यांनी तो उचलला आणि हद्दीवर रोवला. सह्या-शिक्केही झाले.

रविवारी ती फडकं घेऊन गेली, तर खड्डा. शोधत शोधत हद्दीवर पोचली.

"साहेब, हा माझ्या लेकराचा दगड आहे."

अमेरिकेचा साहेब वाईट नव्हता. टोपी हातात धरून म्हणाला, "बाई, या दगडावर केवढं भांडण मिटलंय. आता बोटभर सरकला तरी पलीकडचे म्हणतील, आम्ही फसवलं. मग पुन्हा तोफा."

तोफा म्हटल्यावर तिनं हातातलं ओलं फडकं उलगडलं. रडू आलं नाही. दगड तिथेच पुसला आणि घरी आली.

पण दगड तिकडे, लेकरू इकडे. दुसऱ्या दिवशी तिनं एप्रनची ओटी केली, बाळाच्या जागेवरची माती भरली आणि दगडाच्या पायाशी नेऊन घातली. मग रोजच. मार्गरीतनं काही दिवस पाहिलं. एका सकाळी तीही ओटी भरून आली.

"माझ्याकडचीही असू दे गं. थंडी वाजायची त्याला."

तेव्हा कुठे टॅबिथा रडली, असं सांगतात. मग दोन्हीकडच्या बायका येऊ लागल्या. माती चढत गेली तसा दगडही वर येत गेला म्हणे. बोटभरही सरकला नाही, नुसता वर. साहेबांनी येऊन मोजलं, हद्द जागच्या जागी.

आजही हद्द ओलांडणारा आपल्या अंगणातली मूठभर माती तिथे टाकतो; पहारेकरी अडवत नाहीत. दगडावर अजून नाव नाही. पण रविवारी गेलात तर हात लावून बघा. ओला असतो.