झाकणावरचं मातीचं घर

काजूची झाडं दुपारच्या झोपेत बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. एका बागेत एक जुनी मोटार कित्येक पावसाळे उभी होती आणि उभ्या उभ्या घाटातल्या वळणांची स्वप्नं बघत होती. तिच्या पेट्रोलच्या टाकीला मात्र एकच धास्ती होती, की झाकणाच्या बारीक भोकातून आपलं पेट्रोल उडून जाईल. तिने कुंभारमाशीला गळ घातली, "बाई, तुझं घर इथेच बांध." माशीने मातीने भोक लिंपून टाकलं.

एके सकाळी मालकीण इंदुताईंनी किल्ली फिरवली. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. पुन्हा तेच.

"आता भंगारातच देते," म्हणत त्या भंगारवाल्याला बोलवायला निघाल्या.

"टाकीबाई, पेट्रोल सोडा की हो!" इंजिन कळवळलं.

"मी कुठे धरून ठेवलंय?" टाकी फणकारली.

पंप हळूच म्हणाला, "मी ओढतो तेवढंच आतून कुणीतरी मागे ओढतं. बाई, तुमच्यात वारा शिरायला वाट आहे का?"

टाकीला झाकणावरचं मातीचं घर आठवलं. मग तिने माशीला हाक मारली, "तुझं घर मोडशील का गं?"

"पिल्लं कधीच उडाली. तुझ्यासाठीच लिंपत होते," माशी म्हणाली आणि तिने माती कोरून काढली. फुस्स करून वारा आत शिरला.

इंदुताई फाटकापर्यंत जाऊन परतल्या. शेवटचं म्हणून त्यांनी किल्ली फिरवली.

मोटार घाटाला लागली. प्रत्येक वळणावर टाकी थोडी रिकामी होत होती, आणि तिच्यात करवंदांच्या वासाचा वारा भरत होता.