परस, तबेला आणि मिठाची बरणी

राजे गजसिंहांना तबेल्याची भिंत सरळ हवी होती, आणि भिंतीच्या रेघेत धर्मा सुताराचं परस येत होतं.

"परस हलवायला सांगा," महाराज म्हणाले.

कारभारी रंगोपंतांनी तसं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी धर्मा दरबारात हजर झाला. सोबत लेक होती, हौसा.

"महाराज, परस हलत नाही," धर्मा म्हणाला. "वीस वर्षं खपून उभं केलंय. विहीर मी खणली, रहाट मी केला. पाणी बांबूच्या पन्हळीतून वाफ्यांत जातं. मोडक्या गाडीचं खुराडं केलं, त्यात अकरा कोंबड्या आहेत. फुटक्या माठांत मधमाश्या पाळल्यात. तेलाचा घाणा बायकोनं जोडला, तो मी केलेल्या घाण्यापेक्षा बरा चालतो. बाजारातून आमच्या घरात काही येत नाही. मीठ सोडून."

"काहीच येत नाही?"

"मीठ सोडून, महाराज."

"मग मीठही सोडायचं नाही!" महाराज गादीवर पुढे सरकले. "पौर्णिमेला दुपारी मी तुझ्या परसात जेवायला येतो. त्या दिवशी कुंपणाबाहेरचं काहीही आत येता कामा नये. घरातलं मीठ माझे शिपाई आदल्या दिवशीच बाहेर काढतील. जेवण चवीचं झालं तर परस तुझं. अळणी निघालं तर माझ्या घोड्यांचं! रंगोपंत, लिहा."

रंगोपंतांनी लिहिलं : 'उजाडल्यापासून महाराजांचं जेवण होईपर्यंत कुंपणाबाहेरची कोणतीही वस्तू, प्राणी वा मनुष्य कुंपणाच्या आत येणार नाही. महाराज परसातल्या मांडवाखाली बसून जेवतील.' 'मनुष्य' हा शब्द त्यांनी आपल्या मनानं घातला. शेजारणी पदराआड मीठ आणतील, अशी त्यांना शंका होती. खाली मोहोर उमटली.

घरी हौसाची आई चिमाई मिठाशिवाय स्वयंपाक करून पाहू लागली. पहिल्या दिवशी तिनं चिंच घातली.

"आंबट आहे," धर्मा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चिंचेबरोबर चुकाही घातला.

"जास्त आंबट आहे."

तिसऱ्या दिवशी त्यानं घास तोंडात बराच वेळ फिरवला. "ही राख आहे का?"

"केळीच्या सालीची."

धर्मानं ताट संपवलं. मग उठून तो रहाटाच्या खुंट्या ढिल्या करू लागला. परस गेलंच, तर निदान रहाट तरी सोबत नेता येईल, असं म्हणाला. हौसा त्याच्याकडे बघत उभी राहिली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शिपायांनी घराची झडती घेतली. मिठाची बरणी सापडली, ती त्यांनी फाटकाबाहेर एका पाटावर ठेवली. हवालदार हुकमाचा कागद घेऊन पहाऱ्याला बसला.

पौर्णिमेला सकाळी एक कोंबडी कुंपणावरून उडून बाहेर गेली. दाणे टिपून परत आली, तर हवालदारानं भाला आडवा धरला.

"अहो, ती आमचीच आहे!" धर्मा म्हणाला.

"होती. आता ती बाहेरून येतेय. हुकमात 'प्राणी' लिहिलंय."

"हवालदारकाका," हौसा म्हणाली, "पूर्ण वाचा ना तो हुकूम."

त्यानं वाचला.

"परत एकदा वाचा."

त्यानं परत वाचला. हौसा धावत चुलीपाशी गेली. "आई, राख-बीख काही नको! भरली वांगी कर, आमटी कर, भाकऱ्या थाप. रोजच्यासारखं. मीठ शेवटी घालू."

"कुठलं मीठ?"

"फाटकाबाहेरचं."

चिमाईनं लेकीकडे पाहिलं, मग वांगी चिरायला घेतली.

दुपारी महाराज आले. सकाळची न्याहारी त्यांनी मुद्दाम टाळली होती. वांग्याचा वास आला तसे ते घोड्यावरून उतरले आणि भराभर फाटकाकडे निघाले. फाटकात हौसा हात आडवे करून उभी होती.

"थांबा, महाराज! हवालदारकाका, हे कुठून आले?"

हवालदाराला घाम फुटला. "बाहेरून."

"आणि हे मनुष्य आहेत ना?"

हवालदारानं रंगोपंतांकडे पाहिलं. रंगोपंतांनी आभाळाकडे पाहिलं.

"पोरी, मी राजा आहे!" महाराज गरजले.

"म्हणून तर तुमचा हुकूम मोडवत नाही."

"मग ताट बाहेर आण. इथेच जेवतो."

"मांडवाखाली जेवायचं, असं लिहिलंय. मोहोर तुमचीच आहे, महाराज."

आतून आमटीला दिलेल्या फोडणीचा आवाज आला. महाराजांनी आवंढा गिळला.

"हुकूम बदलतो! फक्त माझ्यापुरता!"

"तुमच्यापुरता का?"

"का म्हणजे? माझ्याशिवाय हे जेवण होणारच नाही!"

हौसानं पाटावरच्या बरणीकडे बोट दाखवलं.

"मीठही तेच म्हणतंय, महाराज!"

महाराजांनी बरणीकडे पाहिलं. मग हौसाकडे. मग पुन्हा बरणीकडे. त्यांच्या मिशा हलल्या, खांदे हलले आणि ते एवढ्या मोठ्यानं हसले, की त्यांचा घोडा चार पावलं मागे सरला.

"उचल ती बरणी!" ते हौसाला म्हणाले. "चल, आम्ही दोघंही आत येतो."

महाराजांनी पाच भाकऱ्या खाल्ल्या. आमटी तीनदा मागितली. हात धुता धुता त्यांनी रंगोपंतांना सांगितलं, "तबेला पलीकडच्या माळावर बांधा. हे परस धर्माचं, त्याच्या लेकीचं आणि पुढे तिच्या लेकरांचं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून द्या. आणि हुकूम लिहिताना यापुढे स्वतःच्या मनानं शब्द घालू नका!"

दुसऱ्या दिवशी ताम्रपट आला, आणि त्याच्यासोबत हौसासाठी महाराजांकडून एक दुभती म्हैस. म्हैस फाटकात उभी होती तोवर चिमाईनं बांबू मोजायला घेतले, आणि धर्मानं गोठ्याच्या पहिल्या खांबासाठी खड्डा खणायला सुरुवात केली.