हरभऱ्याच्या गाठी

फार मागे, झाडंही एकमेकांची उणीदुणी काढायची तेव्हा, एका रानात करडई आणि हरभरा शेजारी होते. मालकीण द्रुपदाबाई कोळपत असताना माती निघाली आणि हरभऱ्याची मुळं उघडी पडली. त्यांवर बारीक गाठी होत्या.

“शी, रोगच लागलाय की तुला,” करडई म्हणाली. “आमच्यात बघ, मुळं कशी स्वच्छ.”

हरभरा शरमेने चूर झाला. गाठीतले जिवाणू म्हणाले, “अहो, हवेतलं खत आम्हीच तर देतो तुम्हाला. त्यावरच तुम्ही हिरवे दिसता.”

“भाडेकरूंनी तोंड वर करून बोलू नये,” हरभरा म्हणाला आणि त्याने मुंगळ्यांकडून एकूण एक गाठ कुरतडून घेतली.

पंधरा दिवसांत तो पिवळा पडला. घाटे धरले, तेही पोकळ. द्रुपदाबाईने त्याला उपटून मुळं पाहिली.

“एक गाठ नाही. मग याला पोसणार कोण?” असं म्हणून तिने त्याला शेळीपुढे टाकलं.

शेळीने शेंडा तोंडात धरला, तेव्हा करडईने त्या उघड्या मुळांकडे कौतुकाने पाहिलं.

“आता कसा आमच्यातला दिसतोस,” ती म्हणाली.