तारलीवाडीच्या दोराला पाचवा हात

“किनाऱ्यावर चारापेक्षा जास्त माणसं एकत्र दिसली, तर जाळं जप्त!”

कातळगडच्या भानजीराजांचा हा हुकूम दवंडी पिटून तारलीवाडीत आला आणि वाडीच्या तोंडचं पाणीच पळालं. तारलीवाडी जगायची रापणीवर. रापण म्हणजे लांबच्या लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे. ओढायला अख्खी वाडी लागते. चार माणसांनी रापण ओढायची म्हणजे चार मुंग्यांनी म्हैस ओढायची.

ही सगळी करामत वासुदेवपंत खोतांची. पंत राजाच्या वतीने वाडीचा सारा गोळा करत, आणि रापण त्यांच्या डोळ्यांत खुपत असे. कारण रापण ओढून झाली की वाडी वाळूत गोल करून बसायची. दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा, आणि सगळ्यांचे वाटे सारखे. वाटे झाले तरी कोणी उठायचं नाही. कोणाची मजुरी अडली, कोणाचं कुंपण सरकलं, सगळं तिथेच निघायचं आणि तिथेच मिटायचं. अलीकडे प्रत्येक बैठकीत पंतांचंच नाव निघू लागलं होतं!

पंतांनी राजाचे कान भरले. “महाराज, ते लोक मासे वाटत नाहीत, बंडाळी वाटतात.”

राजाचे कान जात्याच हलके. झाला हुकूम.

त्यातच घाटावरून राजाचे व्याही येणार होते आणि त्यांना बांगडे खायचे होते. लगेच दुसरा निरोप आला, “उद्या दुपारपर्यंत ताजे बांगडे काढा. पहिला हुकूम मोडायचा नाही. जमलं नाही तर रापण खोतांच्या खळ्यात जाईल.”

सोमा तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, डोकं धरून बसला. त्याची मुलगी आवडी मात्र निरोप्याला म्हणाली, “काढतंव म्हणान सांगा. पण महाराजांनी सोता येवन बघूक व्हया, हुकूम मोडलो का पाळलो ता.”

“गे, तुका याड लागला काय?” सोमा ओरडला.

“बाबा, महाराजांका एकदा रेवेत पाय तर ठेवंदेत.”

दुसऱ्या दिवशी रापण पाण्यात पडली. दोराला फक्त चौघं, सोमा, त्याचे दोन भाऊ आणि आवडी. बाकीची वाडी चौघाचौघांनी लांब लांब माडांआड उभी. राजा आला, रेशमी उपरण्यातले व्याही आले, शिपाई आले. पंत छत्री उघडून सावलीला बसले.

चौघांनी दोर ओढला. रापण जागची हलेना. तिकडे पाण्यात बांगडे चांदीसारखे उसळू लागले आणि राजाच्या तोंडाला पाणी सुटलं.

“अगं, ओढा की!”

“ओढतंव, महाराजांनू. चार माणसांनी जितकी हलता, तितकीच हलतली.”

“ते बघ, त्या कडेने निसटतायत!”

“निसटतले. पाण्याखालच्या माशांनी दवंडी खय ऐकली?”

राजाने एकदा माशांकडे बघितलं, एकदा व्याह्यांकडे. मग जोडे भिरकावले, अंगरखा खोचला आणि दोर धरला. राजाच ओढतोय म्हटल्यावर व्याह्यांना उभं राहवेना. व्याही ओढतायत म्हटल्यावर शिपायांनी भाले टाकले. तरी रापण हटून बसलेली. तेवढ्यात पाच-सहा बांगडे जाळ्यावरून उडी मारून पसार झाले आणि राजाचा धीर सुटला. माडांकडे वळून तो बेंबीच्या देठापासून ओरडला, “अरे, बघताय काय? या सगळे! ओढा!”

वाडी धावली. पोरं, म्हातारे, बाया, कोणी मागे राहिलं नाही. राजा दोनदा आपटला, त्याचा फेटा लाटेबरोबर गेला, व्याही हसून हसून गुडघ्यावर आले, आणि त्या गोंधळात रापण अखेर वाळूत आली. बांगड्यांचा हा ढीग!

“चला, उचला गडावर,” राजा धापा टाकत म्हणाला.

“आधी वाटे,” आवडी म्हणाली. “तुमचो हात लागलो, तर तुमचोय वाटो. बसा.”

राजा मुकाट्याने बसला. त्याच्यापुढे जेवढे बांगडे पडले, तेवढेच शेजारच्या भागीम्हातारीपुढे पडले. राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“हिने नुसता दोराला हात लावला. हिचा वाटा माझ्याएवढा?”

“ती उभी तरी होती, महाराजांनू. तुमी दोनदा पडलात.”

व्याह्यांना पुन्हा हसण्याची उबळ आली. तोवर नारळ काढणारा तातू सवयीने उठला आणि खोतांनी आपली मजुरी कशी बुडवली ते सांगू लागला. राजा कान देऊन ऐकतोय हे पाहताच पंत छत्रीसकट उभे राहिले.

“महाराज, आपला हुकूम! अख्खी वाडी जमलीय इथे! ही गर्दी ज्याने जमवली त्याला शिक्षा करा आणि रापण माझ्या खळ्यात पाठवा!”

सोमाच्या हातातला बांगडा खाली पडला. राजालाही आता कुठे आपला हुकूम आठवला.

“हुकूम तो हुकूम,” तो खाकरला. “बोल मुली, गर्दी कोणी जमवली?”

“आमी चौघांच होतंव, महाराजांनू. दोराक पाचवो हात कोणाचो लागलो आणि वाडीक हाक कोणी मारली, ता खोतांकाच विचारा. दोराक हात न लावता बघी होते ते एकटेच.”

सगळ्या माना पंतांकडे वळल्या. पंत राजाकडे बघत पुटपुटले, “वाऱ्याने जमली असावी, महाराज.”

राजा असा हसला की त्याला ठसका लागला आणि भागीम्हातारीला त्याची पाठ थोपटावी लागली. हसू आवरल्यावर त्याने हुकूम तिथल्या तिथे मागे घेतला, रापण कायमची वाडीच्या नावे केली आणि गळ्यातला कंठा आवडीपुढे धरला.

“कंठो ऱ्हवंदे,” आवडी म्हणाली. “तातूची मजुरी तेवढी द्या म्हणान खोतांका सांगा. हयच, सगळ्यांदेखत.”

“मंजूर!” राजाने सरकून आपल्या शेजारची वाळू थोपटली. “या पंत, छत्री मिटा आणि बसा.”