उजवा की डावा

एका राज्यात राजा होता, पण तो दगडाचा होता. मांत्रिक कालजंघाला त्यानं आपला हात पाहू दिला नाही, एवढाच त्याचा गुन्हा. मांत्रिक संतापला आणि राजा भद्रसेन सिंहासनावर बसल्या जागी दगड झाला.

"तिसऱ्या सूर्यास्ताआधी वनातली घंटा आण, अग्निपक्ष्याचं पीस आण आणि चांदणतळ्याचं पाणी भांड्याविना आणून राजावर घाल," मांत्रिक राणीला म्हणाला. "चुकलीस, तर दगड कायमचा."

कुठल्या दिशेला जावं हे कळावं म्हणून राणी मृगावतीनं राजज्योतिषी हरदत्तशास्त्र्यांना हात दाखवला आणि घोळ तिथेच सुरू झाला. पुरुषाचा उजवा हात पाहावा, बाईचा डावा, ही रीत. पण गादी सांभाळणाऱ्याचा उजवाच पाहावा, हीसुद्धा रीत, आणि आता गादी होती राणीकडे.

"मग खरा हात कोणता?"

"शास्त्रात दोन्ही आहेत, राणीसाहेब," शास्त्रीबुवा घाम पुसत म्हणाले. विद्वानांचं हे असंच असतं.

पहिल्या दिवशी उजवा हात दाखवून राणी पूर्वेला गेली. घंटा पश्चिमेला होती. दुसऱ्या दिवशी डावा दाखवून दक्षिणेला गेली. पीस उत्तरेला पडलं होतं. दोन्ही वेळा एका साळुंकीनं वाट दाखवली, म्हणून निभावलं.

"बाई, मला तर तुझे दोन्ही हात सारखेच दिसतात," साळुंकी म्हणाली.

राणीला रडू कोसळलं. आपल्याच हातांपायी आपला धनी जाणार, असं तिला वाटू लागलं.

तिसऱ्या दिवशी कुणालाच न विचारता तिनं चांदणतळ्यात ओंजळ भरली. तेवढ्यात शास्त्रीबुवा धापा टाकत आले.

"थांबा! उजव्यावर वैधव्य दिसतं, डाव्यावर अखंड सौभाग्य. हात उघडा, पुन्हा पाहतो!"

"उघडले तर पाणी सांडेल."

"पण पाहिल्यावाचून पाऊल कसं टाकणार?"

राणी थबकली. बोटांतून थेंब गळत होते, सूर्य डोंगराला टेकला होता. काय खरं, काय खोटं, तिला काही म्हणता काही कळेना. कळलं नाही तशीच ती चालू लागली.

उरलंसुरलं पाणी तिनं दगडावर ओतलं. भद्रसेनानं डोळे उघडले. त्याच क्षणी दूर कालजंघाचे तळहात कोऱ्या पाटीसारखे झाले आणि त्याची विद्या गेली. दरबार पुन्हा भरला, नगारे वाजले.

शास्त्रीबुवांना मात्र राहवेना. "राणीसाहेब, अखेर कोणता हात खरा ठरला?"

"अजूनही कळलं नाही," राणी म्हणाली. "पाणी दोन्ही हातांत होतं."