पूर्वेकडचा गोल

एकदा एका वृद्ध प्रशिक्षकांकडे त्यांचा जुना शिष्य कागदांची गुंडाळी घेऊन आला. गावात सगळे त्या वृद्धांना आबा म्हणत. शिष्य आता शाळेत क्रीडाशिक्षक होता आणि जिल्ह्यातल्या पंधरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल स्पर्धेचा सचिवही. कोणते सामने कोणत्या मैदानावर घ्यायचे, हे ठरवणे त्याचे काम होते, आणि त्यावर आबांची सही लागत असे.

"उपांत्य आणि अंतिम सामने नव्या स्टेडियमवर, दुपारी साडेचारला," शिष्य म्हणाला. "तिथे छपराची गॅलरी आहे, पाहुण्यांची सोय होते. जुन्या मैदानावर बाकीचे सामने, तेही सकाळी."

आबांनी वेळापत्रक वाचले, मग सोबतची संघांची यादी. "तुझ्या शाळेच्या संघात गोलरक्षक नवी दिसते. शलाका कुठे आहे?"

"ती खेळत नाही म्हणते. मागच्या वर्षी याच स्टेडियमवर उपांत्य सामन्यात शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल खाल्ले. मी रागावलो. तेव्हापासून हातमोजे माझ्या टेबलावर ठेवून गेली ती गेलीच."

"काय म्हणालास तिला?"

शिष्य जरा घुटमळला. "म्हटलं, डोळे मिटून उभी होतीस का? सगळ्यांसमोर म्हटलं, हे खरं. पण आबा, दोन्ही चेंडू सरळ अंगावर आले होते. तिचं लक्षच नव्हतं."

"या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष ना?"

"हो. परवा नावनोंदणी बंद होईल. मी दोनदा निरोप पाठवला. येत नाही, तर मी काय करू?"

आबांनी सही केली नाही. "उद्या साडेचारला स्टेडियमवर ये," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शिष्य पोहोचला, तेव्हा आबा पूर्वेकडच्या गोलात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले होते. समोर मोकळे मैदान. मैदानाची देखभाल करणारा गणपा पाणी मारता मारता त्यांची चेष्टा करत होता.

"आबा, या वयात गोलकीपर? बॉल राहू द्या, माशी तरी अडंल का तुमच्याच्यानं?"

"तू पाणी मार रे. नाक्यावर बसून गप्पा मारण्यापेक्षा हे बरं."

शिष्याने गॅलरीतून हाक मारली. "आबा, इकडे सावलीत या. चहा आणलाय."

आबा हलले नाहीत. शेवटी शिष्यच चहा घेऊन त्यांच्यापाशी गेला. डिसेंबरचे ऊन कलले होते, पण अजून डोळ्यांवर येत नव्हते. काही वेळ गेल्यावर त्याला त्यांचा हेतू उमगल्यासारखे वाटले. तो म्हणाला, "उन्हासाठी बसला असाल, तर मध्यंतरानंतर बाजू बदलतात. दोन्ही संघांना सारखंच."

"थांब थोडा."

सव्वापाच झाले. सूर्य उतरत उतरत समोरच्या गोलाच्या दांड्यावर आला. आबांनी खुर्ची उचलून बाजूला ठेवली.

"आता तू उभा राहा. गणपा, तो बॉल घे. लांबून मार."

गणपाने पहिला चेंडू मारला. पायाचा आवाज आला आणि मागोमाग पाठीमागची जाळी हलल्याचा. मधले काही शिष्याला दिसलेच नाही. दुसऱ्या वेळी त्याने कपाळावर हात धरला. चेंडू त्याच हाताच्या कोपराला लागून आत गेला.

"सर, डोळं मिटून उभं होता का?" गणपा लांबून हसत ओरडला. त्याला मागचे काहीच ठाऊक नव्हते.

शिष्य हसला नाही. तिसऱ्या चेंडूसाठी तो उभाच राहिला नाही. खांबाला धरून खाली बसला.

आबा त्याच्याजवळ येऊन हळू आवाजात बोलले. "मैदान आपण गॅलरीतून निवडलं. पाहुण्यांना काय दिसेल ते पाहिलं. इथे उभ्या राहणाऱ्या पोरीला काय दिसेल, हे कुणी पाहिलं नाही. पूर्वार्धात ऊन वर असतं, उत्तरार्धात सरळ डोळ्यांत येतं. मग बाजू बदलून न्याय कसा होणार? आणि आपली चूक झाली, तिची शिक्षा तिला दिली." ते थांबले. "हे मी तुला एकट्याला सांगत नाही. मागच्या वर्षीच्या वेळापत्रकावर माझी सही आहे. मी पहिल्या रांगेत सावलीत बसलो होतो. ती डोळ्यांवर हात नेत होती, ते मी पाहिलं. मला वाटलं, पोर घाबरून रडतेय. आयुष्यभर मैदानावर वावरलो, पण उठून तिथवर गेलो नाही. काल तू सांगितलंस, तेव्हा सगळी रात्र तिचा तो हात आठवत होता."

शिष्याने त्या संध्याकाळी वेळापत्रक नव्याने मांडले. जुन्या मैदानाचे गोल उत्तर आणि दक्षिण दिशांना होते. दुपारचे सगळे सामने, अंतिम सामन्यासह, तिकडे गेले. स्टेडियमवर ऊन वर चढल्यावर सुरू होऊन भर दुपारच्या आधी संपणारे सामने राहिले.

"पाहुणे उन्हात बसतील, आबा."

"टोप्या घालतील," आबा म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

नावनोंदणीच्या शेवटच्या सकाळी शिष्य शलाकाच्या घरी गेला. तिच्या आईने "सर, आत या" म्हटले, तरी तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. शलाका वाटाणे सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"मागच्या वर्षी तुझी चूक नव्हती," तो म्हणाला. "तिथून चेंडू दिसत नाही. काल मी स्वतः उभा राहून पाहिलं."

"मी तेव्हाच सांगितलं होतं, सर. डोळ्यांवर ऊन येतंय म्हणून."

तिने सांगितले होते. मध्यंतरानंतर दोनदा सांगितले होते. "कारणं नकोत" असे आपणच म्हणालो, हे त्याला आत्ता आठवले.

"हो," तो म्हणाला. "सांगितलं होतंस."

शलाकाने वाटाण्यांचे ताट बाजूला सारले आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिले.

"हे सगळ्यांसमोर सांगाल?"

"हो" म्हणायला त्याला एक क्षण लागला. तो क्षण तिने पाहिला, आणि तिने पाहिला हे त्यालाही कळले.

मग ती उठली आणि दाराशी येऊन पायांत चपला घालू लागली.