नवसाचे अनारसे आणि रानबदकांची पिल्ले

पूर्वी वेणुमती नगरीत राजा महीसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने तेथील राजतळ्याच्या राखणदाराच्या कुळात जन्म घेतला होता आणि वडिलांमागे तोच तळे राखीत होता.

त्या वर्षी राजपुत्र मोठ्या आजारातून उठला. राणी सुभगेने त्यासाठी नवस बोलला होता. तो फेडायला ती रोज सकाळी तळ्यावर येई आणि रानबदकांच्या पिल्लांना तुपात तळलेले अनारसे चारी. पिल्ले इतकी सोकावली, की पाण्यात चोच घालायचेच विसरली.

महिनाभरात राखणदाराच्या लक्षात आले, की पिल्लांची अंगे भराभर वाढताहेत आणि पंखांची टोके बाहेर वळताहेत. तळे चैत्रात आटत असे. तोवर उडता आले नाही, तर पिल्ले वाचणार नव्हती.

तो हात जोडून म्हणाला, "आईसाहेब, अनारशांनी त्यांचं पोट भरतं, पण पंखांत बळ येत नाही. शेवाळ, किडे, गोगलगायी हेच त्यांचं खाणं. द्यायचंच असेल तर मूठभर भिजवलेली साळ द्या, कोवळा पाला चिरून द्या."

"माझ्या लेकाच्या नवसाला गोगलगायी?" राणी कडाडली. "तुझं काय जातंय रे? तूप माझं आहे."

दासी हसल्या. पुरोहिताने तर सांगून टाकले, की याला दुसऱ्याचे पुण्य बघवत नाही. त्याच दिवशी राखणदाराला तळ्यावरून काढून टाकले. खरे बोलणाऱ्याची दरबारी किंमत एवढीच!

चैत्रात तळ्याचा चिखल झाला. मोठी बदके नदीकडे उडून गेली. पिल्लांनीही पंख पसरले, पण ते दोन्ही बाजूंना लोंबतच राहिले. मग कोल्हे येऊ लागले. बोधिसत्त्व टोपली घेऊन धावला आणि हाती लागलेली अकरा पिल्ले त्याने नदीवर पोहोचवली. उरलेली न्यायला तो परतला, तेव्हा नव्या पहारेकऱ्यांनी नवसाची पाखरे चोरतो म्हणून त्याला बडवून हाकलले.

राणी आली. चिखलात रुतलेली पिल्ले पाहून तिला खरेच रडू फुटले. "बिचारी भुकेली आहेत," असे म्हणत तिने दुप्पट अनारसे टाकवले. एकाही पिल्लाने चोच उघडली नाही.

भगवान शास्ते ही पूर्वजन्मीची कथा भिक्षूंना सांगत होते. शेवटी ते म्हणाले, "त्या वेळचा पुरोहित म्हणजे उपासिका सोमदत्तेचा भाऊ. राखणदार मीच होतो. आणि राणी म्हणजे सोमदत्ता. तिनं पथ्यावरच्या भिक्षूला मायेनं लाडू भरवले, आणि आज सकाळी त्याच्या चितेपाशी तीच सर्वांत मोठ्यानं रडली."

ही कथा प्रज्ञापारमितेची, म्हणजे प्रज्ञेच्या पूर्णत्वाची आहे. प्रज्ञेवाचून दया करणाऱ्याला आपण मारले हेदेखील कळत नाही.